थ्रेड शेड्यूलरमधील तर्कदोष

संगणकाच्या कार्यप्रणालीत कोणत्या थ्रेडला, कोणत्या कोअरवर, किती वेळ चालू द्यायचे हे ठरवणारा भाग म्हणजे शेड्यूलर. त्याच्या निर्णयपद्धतीतल्या चुकीला तर्कदोष म्हणतात. असा दोष असूनही यंत्र बहुधा चालूच राहते आणि उत्तरही बरोबर येते, फक्त उशिरा. त्यामुळे तो वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

परम ८००० : पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तयार केलेला हा महासंगणक इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर या प्रोसेसर चिपवर आधारलेला होता. ट्रान्सप्यूटरचा शेड्यूलर चिपच्या मायक्रोकोडमध्येच असतो, म्हणून या विषयात त्याचे महत्त्व विशेष आहे. त्यात अग्रक्रम दोनच. खालच्या अग्रक्रमाच्या प्रक्रियांना आळीपाळीने सुमारे १ मिलिसेकंदाचे वाटे मिळतात. मात्र वाटा संपला तरी प्रक्रिया जंप किंवा लूप-एंड ही आज्ञा येईपर्यंत हटत नाही. त्या ठिकाणी गणिताची रजिस्टरे जपून ठेवावी लागत नाहीत, म्हणून अदलाबदल अतिशय झटपट होते. वरच्या अग्रक्रमाच्या प्रक्रियेला वेळेचे बंधनच नाही. संदेशाची किंवा टायमरची वाट पाहायला ती स्वतः थांबली, तरच इतरांना संधी. तिच्यात न थांबणारे एक लूप राहून गेले, तर त्या चिपवरच्या खालच्या सर्व प्रक्रिया खोळंबतात. हा दोष शेड्यूलरचा की प्रोग्रॅमचा, याची उत्तरे दोन्ही बाजूंनी देता येतात. चिपमध्ये कोरलेला नियम मात्र सॉफ्टवेअर बदलून दुरुस्त होत नाही.

लिनक्स : २००७ मध्ये आलेल्या सीएफएस शेड्यूलरमधील चार दोष लोझी, फेडोरोव्हा व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले. ६४ कोअरच्या यंत्रावर काही कोअर रिकामे असतानाही तयार थ्रेड दुसरीकडे रांगेत थांबलेले आढळले. एका दोषात जागा झालेला थ्रेड दूरचा कोअर मोकळा असूनही जवळच्या गजबजलेल्या कोअरवरच जाई. दुसऱ्यात एखादा कोअर बंद करून पुन्हा सुरू केला, की प्रोसेसरांच्या गटांमधले भारवाटप थांबे. २०२३ मध्ये लिनक्सने ईईव्हीडीएफ ही नवी पद्धत स्वीकारली.

मार्स पाथफाइंडर (१९९७) : मंगळावर उतरल्यानंतर यानाचा संगणक वारंवार रीसेट होऊ लागला. खालच्या अग्रक्रमाच्या हवामान-कार्याने कुलूप धरून ठेवले होते आणि मधल्या अग्रक्रमाची कामे त्याला चालू देत नव्हती. परिणामी त्याच कुलपाची वाट पाहणारे वरच्या अग्रक्रमाचे कार्य अडले. अग्रक्रम-वारशाची (कुलूप धरणाऱ्या कार्याला, त्यासाठी थांबलेल्या कार्याचा अग्रक्रम तात्पुरता देण्याची) सोय पृथ्वीवरून सुरू केल्यावर हा प्रकार थांबला.

पाठ्यग्रंथ : आयआयटी मुंबईचे धनंजय ढमढेरे यांचा कार्यप्रणालींवरील इंग्रजी ग्रंथ.