रक्तात न दिसणारा रोग

‘रक्त तपासून गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर कळतो का हो?’ भाईंदर पूर्वेच्या महिला मंडळांत मला हमखास विचारला जाणारा हा प्रश्न. रक्तासाठी हात पुढे करणे सोपे. आतल्या तपासणीचा संकोच वाटतो.

अशी खूण शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९७७ साली जपानमध्ये काटो आणि तोरिगोए यांनी या कॅन्सरच्या गाठींतून ‘एससीसी अँटिजेन’ हे प्रथिन शोधले. उपचारांनंतर रोग उलटतो आहे का, हे पाहायला ते उपयोगी पडते. पण रोगाच्या सुरुवातीला ते बरेचदा वाढतच नाही आणि काही त्वचारोगांतही वाढते. म्हणून त्यावरून निदान करता येत नाही.

या रोगाला कारण होणारा एचपीव्ही विषाणू गर्भाशयमुखाच्या अस्तरात राहतो, रक्तात उतरत नाही. नमुना तिथूनच घ्यावा लागतो.

त्याचे मोल महाराष्ट्राने जगाला दाखवले. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांचा अभ्यास केला. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केलेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. ती न मिळालेल्या, काहीशा लहान गटात ६४.

खेड्यांतल्या हजारो बायकांनी संकोच बाजूला ठेवला, म्हणून हे कळले. तेव्हा रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका. तिशी ओलांडली की ही तपासणी करून घ्या.