स्टायर आउग (बुलपप रायफल)

ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीची ५.५६ मिमी. रायफल. ऑस्ट्रियन सैन्याने ती १९७७ मध्ये ‘एसटीजी ७७’ या नावाने स्वीकारली. नागरिकांसाठी तिची अर्धस्वयंचलित आवृत्तीही निघाली. बुलपप रचनेत मॅगझिन आणि बोल्ट चापाच्या मागे, दस्त्यातच बसतात. म्हणून ५०८ मिमी. नळी असूनही एकूण लांबी सुमारे ७९० मिमी. भरते.

भाग बदलता येणे हा या रायफलीचा खरा गुण. खटका दाबून, पुढची घडीची मूठ धरून नळी फिरवली की ती सुटून हातात येते आणि तिच्या जागी आखूड किंवा लांब नळी बसवता येते. डावखुऱ्यांसाठी वेगळा बोल्ट मिळतो. तो घालून दस्त्यावरील झाकण दुसऱ्या बाजूला लावले की रिकामी काडतुसे डावीकडून बाहेर पडतात. सुरुवातीच्या रायफलींवर १.५ पट दुर्बीण कायमची जोडलेली असे. पुढच्या आवृत्त्यांत उपकरणे बसवण्याची पिकाटिनी पट्टी आली आणि हव्या त्या दुर्बिणी लावण्याची मोकळीक मिळाली. चाप मात्र लांब दांड्यांमार्फत चालत असल्याने त्याची ओढ बोथट लागते. ही या रचनेची ठळक उणीव असून अनेक नेमबाज पहिला बदल तिथेच करतात. ऑस्ट्रेलियात ही रायफल ‘एफ८८’ नावाने लिथगो येथे तयार झाली.