पानशेतची ओल : खोली नवी करण्याआधी भिंत वाचायची कशी?

शनिवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराची तळमजल्यावरची पुढची खोली नव्याने करायची ठरली, कारण आजीला आता जिना चढवत नाही. ठेकेदार येऊन बघून गेला. त्याचा आराखडा अर्ध्या पानाचा होता : जुना रंग खरवडायचा, ओल धरलेल्या भिंतीवर पाणी अडवणारं रसायन घातलेलं सिमेंट, त्यावर पुट्टी, त्यावर रंग. पंधरा दिवसांत खोली तयार. मी म्हटलं, आधी मला एक आठवडा द्या. घरातले सगळे हसले. भिंतीवर काय पीएचडी करणार आहेस का, असंही विचारून झालं.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या संशोधनाचा आराखडा लिहिताय, म्हणून त्या आठवड्याची गोष्ट सांगते. जुनी खोली आणि जुना विषय यांत एक साम्य आहे. तुमच्याआधी तिथे कोणीतरी काम करून गेलेलं असतं, आणि आज दिसणारी अडचण कधी कधी त्या कामातूनच आलेली असते.

आमच्या घरात या खोलीबद्दल दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. एक, हिचा मूळचा निळा रंग पेशवाईतला आहे. दोन, भिंतीतली ओल पानशेतची आहे. दोन्ही इतक्या ठामपणे सांगतात, की कोणी कधी तपासून बघितल्या नव्हत्या.

पहिलं काम : भिंतीची शिडी. धारदार पात्याने दोन-दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या करायच्या. पहिल्या पट्टीत फक्त सगळ्यात वरचा थर काढायचा, दुसरीत वरचे दोन, तिसरीत तीन. शेवटच्या पट्टीत मूळ गिलावा दिसेपर्यंत जायचं. प्रत्येक थराचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. यात कसलंही कौशल्य नाही, फक्त घाई चालत नाही. खरवडलेला थर परत लावता येत नाही, त्यामुळे बघायचं ते आधीच बघून घ्यावं लागतं.

एक खबरदारी मात्र घ्या. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका. ओला करून, मास्क लावून, लहान मुलांना लांब ठेवूनच काढा.

आमच्या शिडीत जुन्या थरांमध्ये निळा सापडला. चुन्याच्या सफेदीत नीळ घालून केलेला, अगदी आकाशी. आता तो पेशवाईतला आहे का? कपड्यांची नीळ म्हणून आपण वापरतो ती बहुधा कृत्रिम अल्ट्रामरीन असते. ती तयार करण्याची पद्धत फ्रान्स आणि जर्मनीत १८२८ च्या सुमारास हाती आली. पेशवाई संपली १८१८ मध्ये. निळ्या थराच्या कपच्यांवर मी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं. चुना फसफसला ते अपेक्षितच होतं, पण निळा रंगही उडाला आणि सडक्या अंड्यासारखा वास आला. अल्ट्रामरीनची ही जुनी ओळख आहे. झाडापासून काढलेली नीळ अशी वागत नाही. म्हणजे हा थर १८२८ च्या आधीचा नाही. नंतर नेमका कधीचा, ते ही चाचणी सांगत नाही. ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगणारा पुरावासुद्धा मोलाचा असतो. त्याच्याकडून जास्त वदवून घ्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता ओल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आजीने भिंतीवर हात ठेवून दाखवलं, “पाणी इथपर्यंत होतं.” त्या उंचीच्या आसपास मी शिडी केली. वर निळे थर आहेत. खाली ते अचानक संपतात आणि भरड वाळूचा वेगळा गिलावा सुरू होतो. पुरानंतर खालचा भाग नव्याने केलेला आहे हे उघड दिसतं. आजीचा हात आणि ही रेघ यांत चार बोटांचंही अंतर नव्हतं. साठ वर्षांनंतर!

म्हणजे आठवण खरी. पण ओलीचं कारण?

आमच्या या भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत लोणा आहे आणि पोपडे सुटतात. भिंतीच्या मधोमध एक फडताळ आहे. फडताळाच्या अलीकडे सिमेंटचा गिलावा आहे, पलीकडचा दीड हाताचा तुकडा अजून चुन्याचाच आहे. त्या तुकड्यात ओल जमिनीपासून जेमतेम वीतभर चढलेली आहे. भिंत एकच, बाहेरचा पाऊस तोच, पूर तोच. फरक फक्त गिलाव्याचा. प्रयोगशाळेत अशी तुलना मुद्दाम घडवून आणावी लागते, इथे ती आयती मिळाली.

दुसरी कारणंही तपासली. वरच्या मजल्यावरची मोरी या भिंतीवर येत नाही. नळाचा पाइप जवळून जातो, म्हणून घरातले सगळे नळ बंद करून रात्रभर मीटर बघितला. काटा हलला नाही.

मग सिमेंटचा कोपरा उचकटला. खाली गवंड्याने मारलेले टाचे दिसले. नवा गिलावा धरावा म्हणून जुना पृष्ठभाग टाचतात ना, ते. टाच्यांच्या मधल्या जागेत पुरानंतरच्या सफेदीचे सहा थर शाबूत होते. एकावर एक सपाट बसलेले, पोपडा सुटून परत भरल्याची खूण कुठेही नाही. पुरानंतर सहा वेळा सफेदी झाली तरी भिंत ठीक होती. बिघडली त्यानंतर.

‘नंतर’ म्हणजे कधी, ते आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत सापडलं : १९८३, सिमेंट चार पोती. त्याआधी सिमेंटची किंमत आणि वाटप दोन्ही सरकारी नियंत्रणाखाली होतं. फेब्रुवारी १९८२ मध्ये ते अंशतः उठलं आणि साध्या माणसाला खुल्या बाजारात सिमेंट घेता येऊ लागलं. मग चारच पोती का? वहीच्या त्याच पानावर भाडेकऱ्यांकडून आलेली रक्कम आहे, आणि ती वाचून आज हसू येतं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली होती. तेवढ्यात अख्ख्या घराची दुरुस्ती होणं शक्यच नव्हतं. चार पोती फडताळापर्यंत पुरली असणार, आणि तिथे थांबली. माझी तुलना शक्य झाली ती आजोबांच्या ओढाताणीमुळे, हे लिहिताना जरा कसंतरीच होतं.

यातलं विज्ञान सोपं आहे. आमच्या भिंती विटा आणि मातीच्या आहेत. जमिनीतलं पाणी बारीक छिद्रांतून वर चढतच असतं. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ते बाहेर उडून जातं. घट्ट सिमेंट आणि वर ऑइलपेंट लावला की ती वाट बंद होते. मग पाणी आणखी वर चढतं आणि जिथे वाट मिळेल तिथे उडतं. मागे क्षार राहतात. त्यांचे स्फटिक फुगले की गिलावा सुटतो. तोच लोणा. ठेकेदार आता त्यावर आणखी घट्ट थर चढवणार होता.

आजोबांना मी दोष देत नाही. सिमेंट म्हणजे पक्कं काम, असं तेव्हा सगळेच मानत होते. घरच्यांची चूकही समजण्यासारखी आहे. पूर एवढा मोठा होता, की त्यानंतर घडलेलं सगळं त्याच्या नावावर जमा झालं. ‘नंतर घडलं’ आणि ‘त्यामुळे घडलं’ यातली गल्लत आपल्या प्रबंधांतही सर्रास होते. घटना जितकी ठळक, तितका हा धोका जास्त.

आजीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती दुखावली. “म्हणजे पाणी आलंच नव्हतं म्हणतेस?” मी तिला ती रेघ दाखवली. म्हटलं, आजी, पाणी आलं होतं, अगदी तू सांगतेस तिथपर्यंत आलं होतं. ओल फक्त त्याची नाही. ती बराच वेळ रेघेवरून बोट फिरवत होती. तोंडी साक्ष तपासायला जाल तेव्हा हे लक्षात असू द्या. माणसाने काय पाहिलं आणि त्याचा काय अर्थ लावला, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दुसरी चुकली म्हणून पहिली फेकायची नसते.

सध्या सिमेंट काढून भिंत उघडी ठेवली आहे, उन्हाळाभर वाळू देणार. मग चुन्याचा गिलावा. खर्च जास्त येतोय, आजी तोवर मधल्या खोलीत अडचणीत झोपते, आणि बाबांनी एका अटीवर होकार दिलाय. अट मीच लिहून दिली : पावसाळ्यानंतर या भागातली ओल फडताळापलीकडच्या तुकड्याइतकी खाली आली नाही, तर माझं म्हणणं चुकलं.

तुमच्या आराखड्यातही असं एक वाक्य असू द्या. काय दिसलं तर मी चुकले असं मानेन, ते काम सुरू करण्याआधी लिहून ठेवायचं. माझं काय झालं ते दिवाळीत इथेच सांगेन, निकाल काहीही लागो.