न्यूयॉर्कचे उंदीर, चिलीची साल, पुण्याची कुपी

मलेरियाची ‘आर२१’ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि आफ्रिकेतल्या तान्ह्या मुलांना टोचली जाते. जग तिला ऑक्सफर्डची म्हणतं, आपण पुण्याची म्हणतो. दोन्ही खरं आहे, पण तिचं कूळ बरंच मोठं आहे.

१९६७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ नुसेनझ्वाइग यांनी क्ष-किरणांनी दुबळे केलेले मलेरियाचे परजीवी उंदरांना टोचले. पुढे धडधाकट परजीवी टोचले तेव्हा त्यांतल्या बऱ्याच उंदरांना मलेरिया झाला नाही. तिथून लशीचा शोध खऱ्या अर्थानं सुरू झाला.

काम अवघड होतं. डासाच्या सोंडेतून शिरलेला परजीवी तासाभराच्या आत यकृत गाठतो. तिथे एकाचे हजारो होतात, ते रक्तात उतरतात आणि मग थंडी वाजून ताप भरतो. त्याला अडवायचं तर ते यकृताच्या वाटेवरच, त्या थोड्या मिनिटांत. १९८४ साली या परजीवीच्या अंगावरच्या मुख्य प्रथिनाचं जनुक हाती आलं. अमेरिकी लष्कराची वॉल्टर रीड संस्था आणि आज जीएसके म्हणून ओळखली जाणारी कंपनी यांनी त्या प्रथिनाचा तुकडा हिपॅटायटिस-बीच्या प्रथिनाला जोडला आणि ते जोडप्रथिन यीस्टकडून बनवून घेतलं. ही ‘आरटीएस,एस’, आर२१ची थोरली बहीण.

या कुळातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. हेच प्रथिन तीन वेगवेगळ्या जोडद्रव्यांबरोबर, म्हणजे लशीचा परिणाम वाढवणाऱ्या पदार्थांबरोबर, स्वयंसेवकांना दिलं आणि मग त्यांना मलेरियाचे डास चावू दिले. पहिल्या गटात आठांपैकी एकच मलेरियापासून वाचला, दुसऱ्यात सातांपैकी दोन. तिसऱ्यात मात्र सातांपैकी सहा जणांना मलेरिया झालाच नाही. प्रथिन तेच, फरक जोडद्रव्याचा. तिसऱ्यातला एक घटक चिलीत वाढणाऱ्या क्विलाया झाडाच्या सालीतून काढलेला होता. ही साल पाण्यात घुसळली की रिठ्यासारखा फेस येतो. दोन्हींत सॅपोनिन असतं. शरीराची प्रतिकारशक्ती जागी करण्याचं काम क्विलायातलं सॅपोनिन करतं.

पुढे पाथ ही संस्था आणि गेट्स फाउंडेशनचा पैसा या कामाला मिळाला. २०१९पासून घाना, केनिया आणि मलावीत आरटीएस,एस टोचली जाऊ लागली. ‘गावी’, ‘ग्लोबल फंड’ आणि ‘युनिटएड’ या आंतरराष्ट्रीय संस्थांनी त्या मोहिमेचा खर्च उचलला, आणि २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लशीची शिफारस केली. पण डोसामागे नऊ युरोंहून जास्त किंमत, आणि २०२३ ते २०२५ या काळासाठी बारा देशांना मिळून १ कोटी ८० लाख डोस. एवढ्यात भागणार कसं?

ऑक्सफर्डच्या जेनर इन्स्टिट्यूटमध्ये एड्रियन हिल यांच्या गटानं आर२१ घडवली. तिच्या कणावर मलेरियाच्या प्रथिनाची दाटी जास्त आहे. तिच्यासोबतच्या ‘मॅट्रिक्स-एम’ या नोव्हावॅक्सच्या जोडद्रव्यातही चिलीच्या त्याच झाडाचा अंश आहे. बुर्किना फासोतल्या नानोरो इथे हालिदू तिंतो यांच्या केंद्रानं ४५० मुलांवर चाचणी घेतली. जोडद्रव्याचा मोठा डोस मिळालेल्या गटात लस ७७ टक्के परिणामकारक ठरली. पुढची चाचणी माली, बुर्किना फासो, केनिया आणि टांझानियातल्या सुमारे ४,८०० मुलांवर झाली. बातम्यांत ऑक्सफर्ड येतं, पुणं येतं, नानोरो क्वचितच येतं. आपली मुलं घेऊन पुन्हा पुन्हा केंद्रावर आलेल्या त्या आयांशिवाय ही लस कागदावरच राहिली असती.

ऑक्टोबर २०२३मध्ये आर२१ची शिफारस झाली. डोसाला दोन ते चार डॉलर किंमत आणि पुण्यात वर्षाला १० कोटी डोस बनवण्याची क्षमता, यामुळे लशीची टंचाई संपण्याची चिन्हं दिसू लागली. जुलै २०२४मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये ती नियमित लसीकरणात आली.

या लशीचा परिणाम काळाबरोबर ओसरतो, म्हणून चौथा डोस लागतो, आणि मच्छरदाणीची जागा ती घेत नाही. २०२३मध्ये मलेरियानं जगभरात ५,९७,००० जीव घेतले. आफ्रिकेतल्या मृत्यूंत चारांत तीन मुलं पाच वर्षांखालची होती. आता अडचण पैशाची आहे. गरीब देशांसाठी लशी विकत घेणाऱ्या गावीला भारतही २०१४पासून देणगी देतो. ते देणं आपण थांबवू नये, वाढवावं.