चांगली बिअर, चांगला पब : पारख करण्याचा हक्क कोणाचा?

१/१४
पब म्हटले की पुण्या-मुंबईत मंद दिवे आणि कानठळ्या बसवणारे संगीत आठवते. ब्रिटनमध्ये मात्र हा शब्द 'पब्लिक हाऊस'चे लघुरूप आहे. म्हणजे सर्वांसाठी उघडे असलेले घर. या घरातली बिअर कशी आहे आणि वातावरण बसण्याजोगे आहे का, याचे निवाडे तिथे सातशे वर्षे होत आले आहेत. ते कोणी केले आणि कोणाला करू दिले गेले नाहीत, याविषयी आजचा धागा. #इतिहास

२/१४
सुरुवात मध्ययुगापासून. तेव्हा इंग्लंडमध्ये 'एल' प्यायली जाई. मोड आणलेल्या बार्लीची ही बिअर हॉप्सशिवाय बनत असल्याने काही दिवसांतच आंबून जाई. दूरवर नेणे शक्य नव्हते, म्हणून ती गावोगावी, घरोघरी तयार होई आणि ती करणाऱ्या बहुतांशी स्त्रिया असत. एल तयार झाली की दाराबाहेर काठी उभारली जाई. पबच्या पाटीचा एक पूर्वज ही काठी होय.

३/१४
काठी दिसली की परीक्षक येई. १२६६-६७च्या सुमारास झालेल्या कायद्याने एलचा भाव धान्याच्या भावाशी जोडला होता. तो पाळला जातो का, माप बरोबर आहे का आणि एल पिण्यालायक आहे का, हे पाहण्यासाठी स्थानिक न्यायसभा 'एल-टेस्टर' नेमत. १५५६मध्ये स्ट्रॅटफर्ड गावाने या पदावर जॉन शेक्सपिअर यांना निवडले. नाटककार विल्यम हे त्यांचे पुत्र. परीक्षक चामड्याची विजार घालून सांडलेल्या एलवर बसत आणि ती चिकटते का ते पाहत, ही मात्र दंतकथा समजावी.

४/१४
पुढे पारखीचा विषय बदलला. १५५२च्या कायद्याने एलगृहांना दंडाधिकाऱ्यांचा परवाना सक्तीचा केला. आता पेल्यातल्या चवीपेक्षा पिणाऱ्यांच्या वर्तनाची चौकशी अधिक होऊ लागली. १८३०मध्ये सरकारने उलटे पाऊल टाकले. कर भरणाऱ्या कोणाही गृहस्थाला दोन गिनी शुल्क देऊन बिअरचे दुकान काढण्याची मुभा मिळाली. जिनपेक्षा बिअर बरी, हा त्यामागचा एक विचार. हजारो नवी बिअरघरे उघडली. १८६९मध्ये त्यांच्यावर पुन्हा दंडाधिकाऱ्यांचे नियंत्रण आले.

५/१४
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या ब्रुअरींनी पब विकत घेण्याचा सपाटा लावला. असा पब त्या ब्रुअरीशी 'बांधलेला' असे आणि चालकाला तिचीच बिअर विकावी लागे. गिऱ्हाइकाला बिअर आवडली नाही, तर दुसऱ्या पबात जाणे एवढाच मार्ग उरे. तोही बऱ्याचदा त्याच ब्रुअरीचा निघे.

६/१४
पहिल्या महायुद्धात तर सरकारच पबचालक झाले. ग्रेटना येथील दारूगोळा कारखान्याच्या कामगारांचे मद्यपान आवरण्यासाठी १९१६पासून कार्लाइल परिसरातील ब्रुअरी आणि पब राज्याने ताब्यात घेतले. प्रशस्त बैठका आल्या, जेवण मिळू लागले. मद्य अधिक खपवून व्यवस्थापकाचा काही फायदा होऊ नये, अशी व्यवस्था झाली. चांगला पब म्हणजे कमी दारू विकूनही चालणारा पब, ही सरकारी व्याख्या. हा प्रयोग १९७०च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालला.

७/१४
या सगळ्यात पिणाऱ्याला काय वाटते, हे जवळजवळ कोणी विचारले नव्हते. १९३७मध्ये स्थापन झालेल्या 'मास ऑब्झर्व्हेशन' या गटाने ते केले. त्याचे निरीक्षक बोल्टन या गिरणीगावातील पबांत जाऊन बसले. कोण कुठे बसतो, पेला किती वेळात संपतो, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. एकत्र बसलेल्यांचे पेले बहुधा बरोबरीने रिकामे होतात, असे त्यांना आढळले. एकाच छपराखाली 'व्हॉल्ट' आणि 'लाऊंज' वेगळे होते. व्हॉल्टमध्ये उभे राहून पिणारे कामगार पुरुष असत, स्त्रियांना तिथे जागा नव्हती. सजवलेल्या लाऊंजमध्ये बिअर महाग पडे. वातावरणाला भाव होता.

८/१४
फेब्रुवारी १९४६मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांनी 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये आपल्या आवडत्या पबचे वर्णन केले. त्याचे नाव 'द मून अंडर वॉटर'. पसंतीचे कारण म्हणून त्यांनी बिअरच्या आधी वातावरण सांगितले. बोलता येईल इतकी शांतता, नावाने ओळखणाऱ्या बारमेड, मागे बाग. शेवटी मात्र ते सांगतात, की असा पब अस्तित्वातच नाही. पुढे वेदरस्पून या साखळीने आपल्या अनेक पबांना हेच नाव दिले.

९/१४
पण वातावरण आणि बिअर यांची अशी फारकत करता येते का? इथे तळघरात उतरावे लागेल. पारंपरिक 'कास्क' बिअर ब्रुअरीतून निघते तेव्हा तिच्यात यीस्ट जिवंत असते आणि पिंपात ती पुन्हा आंबते. सुमारे ११ ते १३ अंश सेल्सिअसला तिला निवळू द्यायचे, खुंटी बदलून वायू किती सुटू द्यायचा ते ठरवायचे, मग हातपंपाने ओढायची. पिंप उघडल्यावर हवा आत शिरते आणि साधारण तीन दिवसांत बिअर उतरू लागते. म्हणजे ती पूर्ण होते पबच्या तळघरात. एकाच ब्रुअरीची बिअर एका पबात अप्रतिम आणि शेजारच्या पबात शिरक्यासारखी लागू शकते.

१०/१४
१९६०च्या दशकात मोठ्या कंपन्यांना ही अनिश्चितता नको झाली. त्यांनी 'केग' बिअर पुढे आणली : गाळलेली, पाश्चराइज केलेली आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने नळातून येणारी. वॉटनी कंपनीची 'रेड बॅरल' हे तिचे गाजलेले उदाहरण. तिला तळघराचे कसब लागत नव्हते आणि ती सर्वत्र सारखी लागे. टीकाकारांची तक्रार नेमकी हीच होती.

११/१४
मार्च १९७१मध्ये आयर्लंडमध्ये सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी एक ग्राहकसंघटना काढली. तीच पुढे 'कॅम्पेन फॉर रिअल एल', म्हणजे 'कॅमरा' म्हणून ओळखली गेली. तिच्या 'गुड बिअर गाईड'साठी पबांची निवड स्थानिक सदस्य स्वतः पिऊन करतात. १९७४च्या आवृत्तीत वॉटनीविषयी इतका जहाल शेरा होता, की तो छपाईच्या वेळी सौम्य करावा लागला. एल-टेस्टरचे काम आता सामान्य गिऱ्हाइकाने हाती घेतले होते.

१२/१४
पण 'सामान्य गिऱ्हाईक' म्हणजे कोण? लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील 'एल व्हिनो' हा पत्रकार-वकिलांचा वाईन बार स्त्रियांना काउंटरपाशी उभे राहून पिऊ देत नसे. त्यांनी मागच्या खोलीत टेबलाशी बसावे, असा नियम. टेस गिल आणि ॲना कूट न्यायालयात गेल्या. १९८२मध्ये अपील न्यायालयाने हा नियम १९७५च्या लिंगभेदविरोधी कायद्याचा भंग ठरवला.

१३/१४
वर्णभेदाचा अनुभव याहून कडवट होता. स्मेदिक येथील अनेक पबांत भारतीय आणि कॅरिबियन कामगारांना चांगल्या खोलीत प्रवेश नव्हता. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जोहल गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पबांची फेरी करत. कोणाला पेला मिळतो आणि कोणाला नाकारला जातो, हे त्यातून उघड होई. फेब्रुवारी १९६५मध्ये माल्कम एक्स यांना ते 'ब्लू गेट्स' पबात घेऊन गेले. तिथल्या स्मोक रूममध्ये त्यांना नकारच मिळाला. त्याच वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने पबांसारख्या सार्वजनिक जागांतील असा भेदभाव बेकायदा ठरवला. पबची पारख बिअर चाखण्याआधी, दारातच सुरू होते, हे जोहल यांच्या फेऱ्यांनी दाखवले.

१४/१४
आज त्याच परिसरात पंजाबी मालकांचे 'देसी पब' आहेत. तिथे पिंटबरोबर तंदूरी थाळी येते. आणि येथे तळघराचा हिशेब पुन्हा लागू पडतो. उघडलेले पिंप तीन दिवसांत संपवायचे, तर पबात माणसे हवीत. गिऱ्हाईक रोडावले की पिंप रेंगाळते, बिअर बिघडते आणि उरलेले गिऱ्हाईकही पाठ फिरवते. कास्क बिअर विकणाऱ्या पबापुरते तरी, कोणाला आत येऊ द्यायचे हा प्रश्न बिअरच्या चवीशीही निगडित आहे. (समाप्त)