बारा बोटांचे आतडे

जठर संपते तिथून लहान आतड्याचा पहिला, अर्धवर्तुळासारखा वळलेला तुकडा सुरू होतो. डॉक्टर त्याला ड्युओडेनम म्हणतात. अल्सरच्या रिपोर्टात हा शब्द हमखास भेटतो. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ एवढाच, की ‘बारा-बारा’. बारा काय, ते काही कळत नाही.

ती होती बोटे. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुमारास अलेक्झांड्रियात हिरोफिलस हा ग्रीक वैद्य माणसांची प्रेते फाडून आतली रचना पाहत होता. आतड्याच्या या तुकड्याला त्याने ‘बारा बोटांचा’ म्हटले. ही बोटे उभी धरायची नाहीत, तर एकाशेजारी एक आडवी ठेवून मोजायची. आपल्या जुन्या मापातही बारा अंगुळांची एक वीत होते. आजच्या मोजणीने ड्युओडेनम सुमारे २५ सेंटीमीटर भरतो. वीतभर आणि वर थोडेसे! सुश्रुतानेही आतडी अंगानेच मोजली होती. पुरुषाची साडेतीन व्याम, आणि व्याम म्हणजे दोन्ही हात फैलावल्यावरचे अंतर.

हिरोफिलसचे ग्रंथ बुडाले. नाव टिकले ते गेलनसारख्या पुढच्या वैद्यांच्या लिखाणामुळे. तिथून ते अरबीत गेले, आणि इब्न सिनाच्या वैद्यकग्रंथात हे आतडे ‘इस्ना अशरी’, म्हणजे ‘बारांचे’, झाले. मुंबईत डोंगरीच्या बाजूला खोजा शिया इस्ना अशरी जमातीची पाटी दिसते, तिथला शब्द हाच. फक्त तिथले बारा म्हणजे बारा इमाम. बाराव्या शतकात टोलेडोत क्रेमोनाच्या जेरार्डने तो अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणला आणि ‘ड्युओडेनम’ युरोपभर झाला. या फिरतीत बोटे गळाली, आकडा तेवढा उरला.

जर्मनांनी मात्र बोटे सोडली नाहीत. त्यांचा ‘त्स्व्योल्फफिंगरडार्म’ म्हणजे सरळ बारा-बोटी आतडे. रशियन नावातही बारा बोटे शाबूत आहेत. मराठी परिभाषेने ‘आद्यांत्र’ हा शब्द घेतला. जागा नेमकी सांगणारा, पण अगदीच कोरडा. वीत घरात असताना कोशकारांना ती का सुचली नसावी? दवाखान्यात तर आद्यांत्रही कोणी म्हणत नाही. तिथे आपले ‘ड्युओडेनमला सूज आहे’ एवढेच.