सायकलीच्या साखळीचे कुळ

सायकलीचा भाग झिजला की दुसरा आणून बसवावा, एवढे ते सोपे, असा आपला समज असतो. डोंगरी सायकलीचा इतिहास निराळेच सांगतो.

हान्स रेनोल्ड यांनी १८८० साली मँचेस्टर येथे रोलरची साखळी सिद्ध केली. पुढे सायकलीच्या साखळीत दोन पिनांमध्ये अर्धा इंच अंतर रूढ झाले. ते आजही कायम आहे. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्याच्या तरुणांनी जुन्या जड सायकली टॅमलपाइस डोंगरावरून पिटाळल्या आणि चढासाठी त्यांना गिअर जोडले. हे भाग नाना कारखान्यांचे होते, तरी जुळले. कारण गिअरचा दांडा किती सरकवायचा, हे चालवणाऱ्याचा अंगठा ठरवी. थोडी चूक हातच सावरून घेई.

१९८४ साली जपानच्या शिमानो कंपनीने शर्यतीच्या सायकलींसाठी दांड्यालाच ठरावीक टप्पे दिले. काही वर्षांत तीच सोय डोंगरी सायकलींवर आली. हाताचे कौशल्य यंत्रात गेले; दांडा, डिरेलर आणि मागच्या चक्रांमधील अंतर यांचे माप एकमेकांशी बांधले गेले. चक्रे वाढली, तशी साखळी अरुंद झाली. तेव्हा आज भाग निवडणे म्हणजे त्याचे कुळ पाहणे होय.

जुनी कसोटी मात्र टिकली आहे. पहिल्या पिनेपासून पंचविसावीपर्यंत १२ इंच भरावेत. अर्धे सूत वाढले की साखळी बदलावी. पुरे सूत वाढू दिले, तर चक्रेही गेली समजावे. सोयीची किंमत आपण दुरुस्तीच्या स्वातंत्र्याने मोजली. फूटपट्टी तेवढी आपल्या हाती उरली आहे.